१६ मैल पाइप, बेल गाव आणि विल्मा मॅनकिलर

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी हातात आलेली चिल्लर नीट बघितली असेल तर २०२२ सालचं एक क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं, दिसलं असेल. त्यावर शाल पांघरलेली एक बाई आहे, नजर लांब कुठेतरी, शेजारी सात टोकांचा तारा, आणि काही अक्षरं अशी की लांबून इंग्रजी वाटतात पण वाचायला जावं तर एक शब्द लागत नाही. ती चेरोकी या तिथल्या आदिवासी जमातीची लिपी आणि ती बाई म्हणजे विल्मा मॅनकिलर. आडनाव ऐकून लोक दचकायचे. खरं तर ते चेरोकींमधलं एक पद होतं, गावाची राखण ज्याच्याकडे असायची त्या योद्ध्याला असगया-दिही म्हणायचे, त्याचं इंग्रजीत मॅनकिलर झालं आणि पुढे तेच आडनाव होऊन बसलं, आपल्याकडे पाटील, देशमुख ही पदं आडनावं झाली तसंच. कुणी फारच छेडलं तर ती सांगायची की हे टोपणनाव आहे आणि मी ते कमावलंय.

तिच्याबद्दल लिहिताना सगळे "चेरोकी नेशनची, म्हणजे या जमातीच्या स्वतःच्या सरकारची, पहिली महिला चीफ (प्रमुख)" इथून सुरू करतात. मी जरा मागे जाणारे, एका पाइपलाइनपाशी. कारण माझं म्हणणं असं आहे की ती चीफ झाली ती नंतरची गोष्ट, आधी बेल नावाच्या एका गावात १६ मैलांची पाण्याची लाइन गावातल्याच लोकांनी स्वतःच्या हातांनी टाकली, आणि पुढचं सगळं त्या चरातनं वर आलं. पाणीपुरवठ्यात, गावपातळीच्या कामात, एनजीओत जे कुणी आहेत त्यांना हे प्रकरण नीट उलगडून वाचायला आवडेल असं वाटतं.

बेल म्हणजे नक्की कुठे

ओक्लाहोमा राज्याच्या पूर्व टोकाला, आर्कान्सॉच्या हद्दीला लागून अडेर काउंटी आहे. ओझार्क डोंगररांगेचा पायथा, झाडी, खडकाळ टेकड्या, ओढे, झरे. काउंटीचं मुख्य गाव स्टिलवेल, आणि चेरोकी नेशनची राजधानी टालेक्वा मात्र शेजारच्या काउंटीत. बेल ही स्टिलवेलच्या बाजूची काहीशे माणसांची वस्ती, घरं विखुरलेली, जवळपास सगळे चेरोकी आणि घरात बोलायची भाषाही चेरोकीच. १९८० च्या आसपास तिथे अशी परिस्थिती होती की बऱ्याच घरांत नळ नाही, संडास-बाथरूम घरात नाही, पाणी बाहेरून भरून आणायचं, घरं मोडकळीला आलेली, आणि ज्या पोराला जमेल तो गाव सोडून जातोय. लक्षात घ्या, हे अमेरिकेत चालू होतं, माणूस चंद्रावर उतरवून १० वर्षं झाली होती तेव्हा.

आता चेरोकी मुळात ओक्लाहोमाचे नाहीतच. त्यांचा मूळ मुलुख जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना, अलाबामा या भागातला. १८३८-३९ मध्ये अमेरिकन सरकारने सुमारे १६ हजार लोकांना बंदुकीच्या धाकावर घरातून काढून पश्चिमेला हाकललं, त्यात अंदाजे ४ हजार माणसं मेली, त्याला अश्रूंची वाट म्हणतात. बरं, नवीन जागी येऊन हे लोक रडत बसले नाहीत. शाळा काढल्या, कोर्टं काढली, स्वतःच्या लिपीत वर्तमानपत्र छापलं, १८५१ साली मुलींसाठी सेमिनरी, म्हणजे वरच्या शिक्षणाची शाळा, सुरू केली. मग पुन्हा दणका. १८९८ चा कर्टिस कायदा आला, सामाईक जमिनीचे तुकडे करून माणशी वाटले, आणि १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाल्यावर चेरोकींच्या सरकारात फक्त नाव उरलं. त्यानंतर चीफ कोण हे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरवायचा, कधी कधी तर नुसत्या कागदावर सही पाहिजे म्हणून एका दिवसापुरता चीफ नेमायचे! १९७० मध्ये कायदा बदलला, १९७१ मध्ये निवडणूक झाली, १९७६ मध्ये नवीन राज्यघटना मंजूर झाली. म्हणजे बेलचं काम सुरू झालं १९८१ ला तेव्हा नवीन चेरोकी सरकारचं वय जेमतेम १० वर्षं. हे मुद्दाम सांगतोय, कारण बेलच्या लोकांनी टालेक्वाच्या ऑफिसवर विश्वास का ठेवावा हा प्रश्न अगदी रास्त होता. गेल्या दीडशे वर्षांत कुठलाही सरकारी माणूस दारात आला की काहीतरी घेऊनच गेला होता.

विल्मा, झऱ्यापासून झऱ्यापर्यंत

विल्माचा जन्म १८ नोव्हेंबर १९४५, टालेक्वाचा. बाप चार्ली मॅनकिलर चेरोकी, आई आयरीन डच-आयरिश वंशाची, ११ भावंडं, त्यात ही सहावी. राहायला अडेर काउंटीतच, आजोबांना त्या जमीनवाटपात मिळालेल्या १६० एकरांवर, त्या जागेला मॅनकिलर फ्लॅट्स म्हणतात. घरात वीज नाही, नळ नाही, पाणी पाव मैलावरच्या झऱ्यावरून पोरांनी भरून आणायचं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणारे.

१९५६ मध्ये, ती १० वर्षांची असताना, कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला गेलं. तेव्हा सरकारची एक योजना होती, आदिवासी कुटुंबांना शहरात हलवायचं, तिथे नोकरी देतो म्हणायचं, आणि हळूहळू जमात म्हणून जे काही आहे ते विरघळून जाईल अशी वाट बघायची. पहिल्या रात्री हॉटेलात पोलिसांच्या गाड्यांचे सायरन ऐकून या पोरांना वाटलं बाहेर कुठलंतरी जनावर ओरडतंय. बाप दोरखंडाच्या फॅक्टरीत लागला. शाळेत आडनावावरून पोरं हसायची. ती स्वतः नंतर या स्थलांतराला आपली छोटी अश्रूंची वाटच म्हणायची.

१९६३ मध्ये लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि कदाचित ती सॅन फ्रान्सिस्कोतली एक गृहिणी म्हणून राहिलीही असती. पण नोव्हेंबर १९६९ मध्ये आदिवासी तरुणांनी अल्काट्राझ बेटावरचं बंद पडलेलं तुरुंग ताब्यात घेतलं आणि १९ महिने सोडलं नाही, त्यात तिची भावंडं होती, ही किनाऱ्यावरून पैसे गोळा करायची, सामान पाठवायची. त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या पिट रिव्हर जमातीच्या जमिनीच्या लढ्यात काही वर्षं व्हॉलंटियर म्हणून राबली, तिथे जमातींनी सरकारशी केलेल्या करारांचा कायदा वगैरे शिकली. मग घटस्फोट, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन मुलींना घेऊन परत मॅनकिलर फ्लॅट्स. १९७७ मध्ये चेरोकी नेशनमध्ये नोकरी लागली. काम कसलं तर योजनांचे प्रस्ताव लिहून निधी आणायचा, आणि त्यात तिचा हात चांगला होता.

नोव्हेंबर १९७९ मध्ये समोरासमोर गाड्यांची धडक झाली. समोरच्या गाडीत तिचीच मैत्रीण होती, ती गेली. विल्मावर पुढे १७ च्या आसपास ऑपरेशनं झाली, चेहरा, पाय, फासळ्या, काही शिल्लक नव्हतं. त्यातून जरा सावरतेय तोच हातातनं वस्तू पडायला लागल्या, नीट बोलता येईना, डोळ्यांना एकाचे दोन दिसायला लागले. १९८० मध्ये टीव्हीवर स्नायूंच्या आजारांसाठी निधी गोळा करायचा मोठा कार्यक्रम चालू होता, त्यात एका पेशंटने सांगितलेली लक्षणं ऐकून हिला कळलं की अरे हेच तर आपल्याला होतंय. मायस्थेनिया ग्रॅव्हिस निघाला. पुन्हा ऑपरेशन. आणि जानेवारी १९८१ मध्ये ही बाई कामावर हजर. तिचं म्हणणं होतं की एकदा मरणाच्या इतकं जवळ जाऊन आल्यावर पुढच्या भानगडींची भीती वाटेनाशी झाली. मला एरवी अशी वाक्यं जरा फिल्मी वाटतात पण १९८३ च्या निवडणुकीत काय काय झालं ते वाचलं की पटतं.

तेव्हाचे चीफ रॉस स्विमर. वकील, बँकवाले, पक्के रिपब्लिकन. त्यांनी विल्माला बेलचं काम दिलं आणि त्यातनं समुदाय विकास विभाग उभा राहिला, विल्मा त्याची पहिली डायरेक्टर.

मीटिंगमध्ये काय विचारलं

इथे या प्रकरणाचा गाभा आहे म्हणून जरा थांबतो. एरवीची पद्धत काय? ऑफिसात बसून ठरवायचं की या गावाला अमुक पाहिजे, मग कॉन्ट्रॅक्टर लावायचा, मग उद्घाटन, मग दोन वर्षांनी मोटार जळाली की गाव म्हणणार "तुमची स्कीम, तुम्ही बघा". आपल्याकडे पण अशा कोरड्या टाक्या कमी नाहीत. विल्माने बेलमध्ये जाऊन लोकांना विचारलं की तुम्हाला काय पाहिजे. ऐकायला एकदम बाळबोध वाटतं ना? पण त्या लोकांना हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि म्हणून सुरुवातीच्या मीटिंगांना मोजकी डोकी आली, जी आली तीसुद्धा गप्प.

त्यात अजून एक अडचण म्हणजे विल्माला स्वतःला चेरोकी सफाईने बोलता येत नव्हती, आई चेरोकी नव्हती आणि वाढीची वर्षं सगळी कॅलिफोर्नियात गेली. बेलचे म्हातारे-कोतारे तर चेरोकीतच मन मोकळं करणार. इथे चार्ली सोप आला. चार्ली जमातीच्या गृहनिर्माण विभागात होता, चेरोकी मातृभाषा, उंचापुरा, कमी बोलणारा गडी, तो घरोघरी जाऊन पोर्चवर बसायचा, आधी इकडतिकडच्या गप्पा, मग पाण्याचा विषय. चेरोकीत पाण्याला अमा म्हणतात, आणि गंमत म्हणजे उच्चाराचा सूर जरा बदलला की तोच अमा म्हणजे मीठ होतं, त्यामुळे दुभाषा घेऊन, फॉर्म भरून घेऊन हे काम झालं असतं असं मला तरी वाटत नाही. पुढे १९८६ मध्ये विल्मा आणि चार्लीने लग्न केलं, पण ते असो.

लोकांनी सांगितलं काय तर पाणी. घरं पण हवी होती, पण आधी पाणी.

मग डील ठरलं. जमात इंजिनियर देणार, नकाशे देणार, फेडरल सरकारकडून आणि फाउंडेशन्सकडून पैसे आणणार, पाइप-सामान आणणार. खोदायचं, पाइप टाकायचा, बुजवायचा हे सगळं गावाने करायचं, फुकट, मजुरी एक सेंट नाही. गावातल्याच लोकांची समिती, घराघरांना लाइनचा आपापला तुकडा वाटून दिलेला.

आजूबाजूच्या गावांत आणि खुद्द टालेक्वाच्या ऑफिसात लोक हसले. त्यांचं म्हणणं, बेलचे लोक? ते सरकारी मदतीवर जगतात, कधी कामाला जात नाहीत, ते फुकट खोदणार? ही भाषा आपल्याला पण ओळखीची आहे, फक्त गावाचं नाव बदलायचं. विल्माने नंतर भाषणांमधून त्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितलीय, की खोदाई सुरू व्हायची त्या सकाळी हे लोक गाडीने निघाले तेव्हा कुणी येईल की नाही याची खात्री त्यांना स्वतःलाही नव्हती, आणि पोचून बघतात तर लोक आधीच येऊन वाट बघत उभे.

खडकाळ जमिनीत १६ मैल चर म्हणजे काय चीज आहे हे ज्याने विहिरीचं किंवा पाइपलाइनचं काम बघितलंय त्यालाच कळेल. बाया होत्या, म्हातारे होते, पोरं होती. वाटून दिलेल्या तुकड्यांमुळे घराघरांत चढाओढ लागली, की त्यांचा तुकडा आपल्या आधी होता कामा नये. हे मला फार आवडतं, कारण यात त्याग-बिग काही नाही, शेजाऱ्याच्या पुढे राहायची साधी माणसाची खोड आहे आणि ती कामाला लावली.

चेरोकीत या सगळ्याला एक शब्द आहे, गाडुगी. गावातल्या लोकांनी मिळून एकमेकांची कामं करायची, कुणाचं शेत, कुणाचं घर, आजारी माणसाची पेरणी. आपल्याकडे कोकणात-घाटावर सावड म्हणतात, किंवा नांगरटीची इर्जिक, त्याच कुळातली गोष्ट. म्हणजे विल्माने बाहेरून कुठलं मॉडेल आणलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत शिकलेली संघटनेची तंत्रं होती तिच्याकडे, पण बेलमध्ये ती चालली कारण जमिनीत गाडुगी आधीपासून होती, फक्त बरीच वर्षं कुणी उकरली नव्हती.

पाणी आलं. सोबत २० घरांची दुरुस्ती आणि २५ नवीन घरं असंही काम त्या प्रकल्पात होतं. सीबीएस टीव्हीच्या रविवार सकाळच्या कार्यक्रमाने बेलवर रिपोर्ट केला आणि एरवी ज्यांना आळशी म्हणत होते ते लोक देशभर दिसले. त्यानंतर केनवूड आणि इतर चेरोकी वस्त्यांमध्ये अशीच कामं सुरू झाली.

एकच पाइप, दोन अर्थ

आता थोडं उलटं बघू. १९८१ साल म्हणजे राष्ट्राध्यक्ष रेगन नुकतेच आलेले, आदिवासींच्या योजनांवर कात्री चाललेली. अशा वेळी "लोक स्वतःच स्वतःचं करतात" हे ऐकून वॉशिंग्टनला आनंदच होणार. स्विमर साहेबांना पण त्यात स्वावलंबन दिसलं, सरकारवर कमी ओझं, कष्ट करा आणि मिळवा. विल्मा मात्र डेमोक्रॅट, अल्काट्राझच्या चळवळीतून आलेली, तिला त्यात लोकांची ताकद परत मिळताना दिसत होती. काम एक, पाइप एक, आणि दोघांनी त्याचे दोन वेगळे अर्थ लावले, आणि कदाचित म्हणूनच दोघांचं जमलं! मी हे टोमणा म्हणून नाही लिहीत. सार्वजनिक कामात असं कायम होतं, सगळ्यांचा हेतू एकच असायला लागतो असं काही नाही.

पण एक प्रश्न मला टोचतो आणि तो सोडून पुढे जाणं बरं नाही. ओक्लाहोमातल्याच टल्सा शहरातल्या माणसाला नळाला पाणी यावं म्हणून कुदळ मारावी लागली नाही. त्याचा कर, त्याची नगरपालिका, झालं. मग गरीब आदिवासी गावानेच घाम गाळून पाणी "कमवायचं" का? ज्यांची जमीन करार मोडून घेतली त्यांनाच परत श्रमदान? विल्मा यावर काय म्हणायची तर गरीब माणसांमध्ये स्वतःचे प्रश्न सोडवायची जितकी क्षमता असते तितकी जगाला दिसत नाही. मला हे अर्धं पटतं. खोदकामामुळे बेलला नुसतं पाणी मिळालं नाही तर लाइन कुठून जाते, व्हॉल्व्ह कुठे आहे हे गावातल्या माणसांना माहीत झालं, आणि टालेक्वाकडे मान वर करून बोलायची सवय लागली, हे खरंच आहे. पण म्हणून प्रत्येक सरकारने हेच करावं, पैसे वाचतात म्हणून, असं कुणी म्हणालं तर मी तरी भांडेन. बेलमध्ये पैसा, इंजिनियर, पाइप हे सगळं जमातीने आणलं होतं, हे लोक सोयीने विसरतात आणि फक्त फावड्यांचे फोटो लक्षात ठेवतात.

पाइपलाइनमधून निवडणुकीत

१९८३ मध्ये स्विमर तिसऱ्यांदा उभे राहिले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला होता, उपचार चालू असताना त्यांच्याच जवळच्या काही लोकांनी त्यांची जागा बळकवायची तयारी सुरू केली. तेव्हा त्यांनी डेप्युटी चीफ म्हणून विल्माला सोबत घ्यायचं ठरवलं. विल्मा आधी नाहीच म्हणाली. मग परत फिरताना तिला एक चेरोकी कुटुंब जुनाट मोडक्या बसमध्ये संसार मांडून राहताना दिसलं आणि तिने विचार बदलला, असं तिनेच सांगितलंय.

तिची तयारी होती घरांवर, आरोग्यावर, पाण्यावर वाद घालायची. समोरून आलं काय तर बाई चीफच्या शेजारी बसणार म्हणजे देवाला मान्य नाही, इतर जमाती आपल्याला हसतील. गाडीचे टायर फाडले, फोनवर जिवाच्या धमक्या आल्या, एका मिरवणुकीत गर्दीतल्या एकाने बोटांची बंदूक करून तिच्यावर रोखली. यातला सगळ्यात मोठा विनोद असा की जुने चेरोकी मातृवंशीय, कूळ आईकडून चालायचं, बायका सभेत बोलायच्या, युद्ध करायचं की नाही यात त्यांचं मत असायचं. म्हणजे परंपरेच्या नावाने जे ओरडत होते ते खरं तर गोऱ्यांकडून घेतलेलीच परंपरा सांगत होते.

ती रन-ऑफमध्ये, म्हणजे मतदानाच्या दुसऱ्या फेरीत, जिंकली. डेप्युटी चीफला जमातीच्या १५ जणांच्या कौन्सिलचं अध्यक्षपद करावं लागायचं, आणि त्यातले बहुतेक तिच्या विरोधात निवडून आलेले. एक सदस्य सारखा मध्ये मध्ये बोलायचा, नियम काढायचा. हिने भांडण केलं नाही, पुढच्या मीटिंगच्या आधी माइकची वायरिंग बदलून सगळ्यांचे माइक बंद करायचं बटण स्वतःच्या हातात घेतलं. यावर मी दहा मिनिटं हसत होतो.

डिसेंबर १९८५ मध्ये स्विमर इंडियन अफेअर्सचं, म्हणजे आदिवासींच्या कारभाराचं, फेडरल खातं सांभाळायला वॉशिंग्टनला गेले आणि विल्मा प्रिन्सिपल चीफ झाली. तेव्हाही लोक म्हणाले की ही काय निवडून आलेली नाही, फुकटची मिळाली खुर्ची. मग १९८७ मध्ये निवडून आली, कठीणच गेली ती, किडनीचा त्रास ऐन प्रचारात उफाळला आणि हॉस्पिटलात जावं लागलं. १९९० मध्ये भावाने किडनी दिली. १९९१ ला उभी राहिली तेव्हा ८० टक्क्यांच्या वर मतं! टायर फाडण्यापासून इथपर्यंत आठ वर्षं. त्या काळात दवाखाने वाढले, टालेक्वात तरुणांच्या ट्रेनिंगचं सेंटर आलं, १९९० मध्ये फेडरल निधी जमातीने स्वतः खर्च करायचा असा करार करणाऱ्या पहिल्या काही जमातींत चेरोकी नेशन होतं. म्हणजे बेलमध्ये जे जमातीने गावाला दिलं, की काय पाहिजे ते तुम्ही ठरवा, तेच आता जमात वॉशिंग्टनकडून मागून घेत होती. १९९५ ला ती स्वतःहून थांबली, १९९८ ला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं, ६ एप्रिल २०१० ला कॅन्सरने गेली.

गाडुगीत कोण कोण

कौतुक पुष्कळ झालं, पण प्रकरण अभ्यास म्हणायचा तर हा डाग झाकून चालणार नाही. काही श्रीमंत चेरोकींकडे एके काळी काळे गुलाम होते. यादवी युद्धानंतर १८६६ च्या करारात त्या मुक्त झालेल्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना चेरोकींसारखेच हक्क द्यायचं ठरलं होतं. त्यांना फ्रीडमेन म्हणतात. १९८३ मध्ये, म्हणजे ज्या निवडणुकीत विल्मा डेप्युटी चीफ झाली त्याच निवडणुकीत, यातल्या अनेकांना मतदान करू दिलं नाही, कारण नियम आला की चेरोकी रक्ताचा दाखला पाहिजे. पुढे १९९२ मध्ये दाखल्याची अट कौन्सिलने कायद्यात घातली आणि त्यावर चीफ म्हणून सही विल्माची आहे. बेलमध्ये आपलं कोण हे ठरवायला फावडं हातात असणं पुरे होतं, इथे मात्र कागद लागला. २०१७ मध्ये फेडरल कोर्टाने फ्रीडमेन वंशजांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२१ मध्ये चेरोकी सुप्रीम कोर्टाने जमातीच्या घटनेतून चेरोकी रक्ताची अट घालणारे शब्द काढायला लावले. तिच्यावर लिहिणारे बरेच लोक हा भाग एका ओळीत उरकतात किंवा घेतच नाहीत. मला वाटतं ज्या बाईने बेलवर विश्वास ठेवला तिच्याकडूनच इथे जास्तीची अपेक्षा होती, म्हणून ते जास्त लागतं.

आणि बेलचं काय? स्टिलवेलमध्ये आज चेरोकी नेशनचं मोठं आरोग्य केंद्र आहे, त्याला विल्माचं नाव आहे. २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या कौन्सिलने एक कायदा केला, नाव विल्मा मॅनकिलर आणि चार्ली सोप पाणी कायदा, त्यात २० लाख डॉलर ठेवले, कशासाठी तर ज्या चेरोकी घरांत अजून पाणी पोचलेलं नाही किंवा धड मिळत नाही ती घरं हुडकून काढून तिथे पाणी न्यायला. बेलला पहिला चर खोदला त्याला तेव्हा ४० वर्षं झाली होती.